न पेटवलेला कोळसा

जे पेटवलंच नाही, ते विझवायचं कसं, सांगाल का मला?

मीरा रोडच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी प्रयोग म्हणून जुन्या डिश अँटेनाला आरशाचे तुकडे चिकटवले होते. त्यांचं सगळं ऊन एका जाड काचेच्या नळीवर एकवटायचं. नळीत डोंगरीच्या मावशीने दिलेला करवंट्यांचा कोळसा असायचा. तो उन्हानेच लालबुंद झाला की मी आत वाफ सोडायचे. मग दुसऱ्या टोकाने गॅस निघायचा. तो विषारी, म्हणून टोकाशीच जाळून टाकायचे.

सेक्रेटरी काकांनी नोटीस लावली : ‘गच्चीवर पेटवलेला कोळसा ताबडतोब विझवावा.’ चळवळीची पत्रकं वाटणाऱ्या घरात वाढलेली मी! खाली लगेच उत्तर चिकटवलं : ‘कोळसा पेटवलेला नाही. ऊन आणि वाफ मिळून त्याचा गॅस करतात.’

“अगं, कोळसा म्हणजे शेगडीच ना?” काका म्हणाले.

“शेगडीत तो जळून राख होतो, काका. इथे त्याचा गॅस होतो.”

“गॅस? म्हणजे लीकेज!”

दुसऱ्या दिवशी गच्चीला कुलूप आणि नवी नोटीस : ‘सोसायटीत कोळसा व गॅस पेटवण्यास सक्त मनाई.’ मी ती वाचत होते तेव्हा काकांच्याच घरातून फोडणीचा वास येत होता.

रविवारच्या सभेत माझी डिश भंगारात द्यायचा ठराव येतोय. शेजाऱ्यांनो, हात वर करण्याआधी काकांकडून चावी घ्या, भर दुपारी माझ्यासोबत वर या आणि त्या कोळशाला कुठे काडी लावलेली दिसते ते शोधा.