अंजिराखालचे पावणं

हाताचा पंजा वर करून "हलू नका, आक्का" म्हणायची त्यांना सवय होती. मी ओलं लुगडं पिळत असले तरी तशीच उभी राहायची. त्यांचा डोळा कॅमेऱ्याला आणि कॅमेरा माझ्या परसातल्या अंजिराकडे.

मंगळवार पेठेत आमच्या मागच्या घरात ते भाड्यानं राहायला आले, तेव्हा भिंतीवरून डोकावताना मी त्यांना पकडलं. "काय पायजे, पावणं?" त्यांना पाखरं बघायची होती. पुढची आठ वर्षं मी पावणंच म्हटलं. कचेरीतून निवृत्त झालेला एकटा माणूस. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, ज्याला लोक बिनकामाचा म्हणतात. मीही म्हणायची.

छत्तीस फोटोंचा रोल त्यांना दोन महिने पुरायचा.

"एवढा येळ बघताय, लगीन जुळवायचंय का त्या पाखराचं?"

"ते जुळलंय, आक्का. आता घर बघतंय."

आठव्या वर्षी आषाढात खरंच घर झालं. अंगठ्याएवढ्या शिंपी पाखरानं अंजिराचं पान दुमडून कापसानं शिवलं आणि आत चार पिलं काढली. कापूस माझ्या वातींचा, चोरलेला.

पण तेच झाड तोडून मला तिथं न्हाणीघर बांधायचं होतं. माझे गुडघे गेले होते. उघड्यावर दगडावर बसून अंघोळ जमत नव्हती. मुलानं स्वतःची सुट्टी बघून गवंड्याला बोलावलं, ते नेमकं नागपंचमीला.

सकाळीच पावणं भिंतीपाशी आले. "उद्यापर्यंत उडतील, आक्का. एकच दिवस." आठ वर्षांत त्यांनी माझ्याकडं मागितलं ते एवढंच.

गवंडी म्हणाला, "आज न्हाय तर दिवाळीनंतर. मला जोतिबाला दुसरं काम हाय."

दिवाळीला तीन महिने होते. तरी मी कुऱ्हाडीसमोर जाऊन पंजा वर केला. "आज नागपंचमी. कापायचं न्हाय, खणायचं न्हाय."

"आई, सकाळी कांदा चिरलास की!" मुलगा म्हणाला.

"कांद्यात पिलं नव्हती."

गवंडी हसला. "बरं म्हातारे, उद्या. पण आल्या आल्या घाव घालणार."

दुसऱ्या दिवशी तो सातलाच आला. तीन पिलं उडाली होती. चौथं पानाच्या कडेला बसून नुसतं ओरडत होतं. गवंडी तंबाखू मळायला लागला.

"पावणं, काढा की फोटो!"

"रोल संपला, आक्का. काल."

"आठ वर्षं बसलात, आणि आजच संपला?"

तेवढ्यात पिलू उडालं. धडपडत गेलं, भिंतीवर टेकलं आणि पलीकडच्या लिंबाच्या झाडात शिरलं. पावणं मटकन पायरीवर बसले. "सुटलो," म्हणाले. मी आत गेले. सगळ्यांना चहा केला. गवंड्यालाही. मग झाड पडलं.

न्हाणीघर पंधरा दिवसांत झालं. दार लावून, गरम पाणी घेऊन बसले तेव्हा अंजिराची आठवण आली नाही. खोटं कशाला सांगू?

पुढं पावणं भाच्याकडं पेठ वडगावला गेले आणि तिथंच वारले. जाताना माझ्या हातात एक पाकीट देऊन गेले होते. आत रोलमधला शेवटचा फोटो होता. त्यात पाखरू एकही नाही. मी आहे, कुऱ्हाडीसमोर. पदर घसरलेला, तोंड उघडं, पंजा वर.

तेवढ्या एका फोटोला त्यांनी मला "हलू नका" म्हटलं नव्हतं.