मामांच्या पाठीवरचं पान

मी जर्मनीला निघाले तेव्हा बाबा मालेगावच्या स्टँडवर आपली आख्खी बँड पार्टी घेऊन आले. लग्नाची धून ऐकून एसटीतल्या बाया खिडकीतून डोकावल्या. "नवरदेव कोनता व्हय?" बाबांनी क्लॅरिनेट तोंडातून काढलं. "नवरदेव नाही. पोरगी नोकरीले चालली."

नोकरी कसली, हे मात्र कोणाला सांगता येईना. ऑर्केस्ट्रातल्या सगळ्या वाद्यांचं मिळून एक जाडजूड बाड असतं. त्यातून प्रत्येक वादकाची वेगळी, स्वच्छ पानं मी तयार करते. पान उलटायला वादकाचा हात मोकळा असेल, तिथंच पान संपवायचं. आई फोनवर म्हणाली, "म्हंजे झेरॉक्सच ना वं?" गावभर तेच झालं.

बाबांना ते लागलं. मी भावाच्या लग्नाला गावी आले तेव्हा ते म्हणाले, "कारंज्याच्या सोयऱ्याइले समजू दे तू काय करतं ते. आमाले बी पानं लिहून दे."

मी ठळक सारेगम लिहून दिली. पण चालत्या वरातीत पानं ठेवणार कशावर? शेवटी प्रत्येकाचं पान पुढच्याच्या पाठीला टाचलं. सगळ्यात पुढे बाबा. त्यांचं पान टाचायला त्यांच्यापुढे आमचे मामा उभे केले, न नाचण्याच्या बोलीवर.

कारंज्याला मंडपाजवळ मामा बोली विसरले. ते डावीकडे गेले की बाबा डावीकडे, आणि बाबांच्या पाठीमागे आख्खी रांग. मामा नागीण होऊन जमिनीला टेकले, तसे बाबा क्लॅरिनेटसकट कमरेत वाकले. मागचे सगळे वाकले. ढोलवाला तर गुडघ्यावरच आला. मी तोंड लपवायला जागा शोधत होते.

नवरीच्या वडिलांनी टाळ्या वाजवल्या. "हे जर्मनीचं व्हय का?"

"तं काय!" बाबा धापा टाकत म्हणाले. "पोरीनं लिहिलं माह्या."

दुसऱ्या दिवशी घरी परतलो, तर बाबांचा चष्मा भिंतीतल्या देवळीत तसाच पडलेला.

"बाबा, चष्म्याबिगर वाचलं कसं?"

"वाचाले कायले लागते? धून तं साऱ्याइले पाठ हाय." कंबर चोळत ते म्हणाले, "पन तुहं पान लोकाइले दिसलं पायजे ना!"

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे उठून गेलेल्यांनो, माझी पानं इकडे जर्मनीत मोठमोठे वादक वाचतात, खाडाखोड दिसली तर निरोप धाडतात. त्यांचं बरोबरच आहे. पण न वाचताही माझ्या पानामागे कमरेत वाकून धावणारी माणसं एकाच ठिकाणी आहेत. कोणी घर कुठं विचारलं की मी तेच गाव सांगते.