सत्तावीस नंबरचं बिल

शिवणारे गल्लोगल्ली सापडतात. पण शिवलेलं उसवून, त्याच जागी पुन्हा शिवून, पहिल्या टाक्याचं भोकसुद्धा दिसू न देणारा माणूस शंभरात एखादाच. टेपकाकू त्यातली. भोकांवर ओलं फडकं ठेवायची, नखानं आडवे-उभे धागे सारखे करायची, वरून इस्त्री दाबायची आणि कापड गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायची. "शोधा बरं कुठे चुकले होते!" कुणाला सापडायचं नाही. टेप कायम गळ्यात, म्हणून टेपकाकू. खरं नाव विजेच्या बिलावर होतं, ते वाचायला कोण जातंय.

पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. नवरा गेल्यापासून घरात दोघीच, ती आणि तिची धाकटी नणंद. नणंदेनं छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासली होती, त्यामुळे समोरच्या माणसाच्या बोलण्यातलीही चूक काढल्याशिवाय तिला घास गिळायचा नाही. वयानं लहान असली तरी काकू तिला वन्सं म्हणायची, आणि भांडण झालं की अहोजाहो करायची.

काकूचं नाव झालं ते एका विजारीवरून. रस्त्यापलीकडच्या बस ड्रायव्हरची पाठ अपघातात गेली आणि तो चाकाच्या खुर्चीत आला. त्याची बायको विजार घेऊन आली. मागून उघडं पडतं, पुढे पोटावर गोळा होतो, काही तरी करा म्हणाली. काकूनं विजार उलटसुलट पाहिली. "हिचं काही चुकलेलं नाही. विजार उभ्या माणसाची आहे आणि तुझा माणूस बसलेला आहे, एवढंच." मग ती स्वतः खुर्चीत बसली, बसल्या बसल्या आपली मापं घेतली आणि नव्यानं बेतलं. मागे चार बोटं उंच, पुढे तीन बोटं कमी, गुडघ्याला चुणी. आणि शिवण सगळी बाहेरच्या अंगाला, कारण दिवसभर एका जागी बसणाऱ्याला आतली शिवण काट्यासारखी टोचते, जखमा होतात. गल्ली हसली, काकूला उलटं-सुलटं कळेना झालं म्हणाली. ड्रायव्हर मात्र त्या दिवसापासून दारात येऊन बसायला लागला.

मग बोटं गेली. पेरं सुजली, दुपारपर्यंत कातर हातातून पडायला लागली. डॉक्टरनं सांगितलं, कातर सोडा. तेव्हा वन्संनी डोकं चालवलं. काकूनं कागदावर आखलेले नमुने, ज्याला शिवणारे पॅटर्न म्हणतात, ते त्यांनी स्कॅन केले आणि ऑनलाइन विकायला ठेवले. घेणाऱ्यानं पैसे भरायचे, फाइल उतरवून घ्यायची, आपल्या घरी छापायची आणि आपलं कापड बेतायचं. माल विकला तरी घरातच राहतो, असला धंदा काकूनं बापजन्मात पाहिला नव्हता.

पण धंदा म्हटला की टॅक्स आला, टॅक्स आला की नोंदणी आली आणि नोंदणी आली की बिल आलं. साधी चिठ्ठी चालेना. नंबर, तारीख, घेणाऱ्याचं नाव-पत्ता, काय विकलं, किंमत किती, टॅक्स वेगळा किती. फाइल हवेतून जाते, तरी घेणारा कुठे राहतो ते विचारावंच लागायचं, कारण देश बदलला की टॅक्स बदलायचा. फाइली चढवायचं काम वन्संचं. बिलं काकूची. "गिऱ्हाइकाच्या हातात कागद मालकिणीनंच द्यावा," हा तिचा हट्ट.

वर्ष असं गेलं आणि एका मोठ्या पुनर्वसन केंद्राचं पत्र आलं. त्यांच्या चार शिवणखोल्या होत्या. अठराच्या अठरा पॅटर्न वर्षभर छापायचा हक्क त्यांना विकत हवा होता. हे काम मिळालं तर दुकान राहणार होतं. नाही मिळालं तर मोठं मशीन विकून खोली भाड्यानं द्यायची, हे दोघींचं ठरलं होतं. मशीन घेणारा दोनदा येऊनही गेला होता. म्हशीचे दात बघावेत तसा मशीनखाली वाकून बघायचा.

केंद्राच्या हिशेबनीसानं वर्षभराच्या बिलांची यादी मागवली. काकूनं ऐटीत पाठवली. सोमवारी फोन आला, येऊन जा.

हिशेबनीस पस्तिशीचा, बाह्यांची बटणं लावलेला, टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीनं लावलेल्या. त्यानं दोन कागद पुढे सरकवले.

"काकू, हे बिल तुमचंच ना? नंबर वाचा."

"सत्तावीस."

"आमच्या एका शाखेच्या भांडारपालानं एप्रिलमध्ये विजारीचा पॅटर्न घेतला, त्याचं. आता तुमच्या यादीतलं सत्तावीस वाचा."

काकूनं चष्मा वर ढकलला. यादीत सत्तावीसला परदेशातली एक बाई होती. फ्रॉकचा पॅटर्न. जून महिना.

"सव्वीस एप्रिलचं, अठ्ठावीस एप्रिलचं आणि मधलं सत्तावीस जूनचं," हिशेबनीस म्हणाला. "आणि त्याच नंबरचं दुसरं माझ्या हातात. यातलं खोटं कुठलं?"

काकूचा जीव भांड्यात पडला. ती हसलीच. "एवढंच होय! अहो, ते मी उसवलंय. भांडारपाल दोन महिन्यांनी जागा झाला. म्हणाला, बिल माझ्या नावावर कशाला, संस्थेच्या नावावर द्या. मी चौतीस नंबरचं नवं दिलं आणि सत्तावीस काढून टाकलं. मग यादीत मधेच रिकामी जागा, दात पडल्यासारखी. पुढचं गिऱ्हाईक आलं, त्याला तिथे बसवलं. बघा, आहे का कुठे भोक?"

"नाही," तो म्हणाला. "तेच तर वाईट आहे."

"म्हणजे?"

"तुम्ही तुमच्याकडून पुसलंत. माझ्या फाइलमधून कसं पुसणार? दिलेलं बिल दिलेलं असतं. तपासणीला माणूस आला आणि त्यानं विचारलं, एका नंबरची दोन बिलं कशी, तर काय सांगू? बाईंचा हात सफाईदार आहे म्हणून?" त्यानं आवाज खाली आणला. "शुक्रवारी कमिटी आहे. गुरुवार संध्याकाळपर्यंत हे सरळ करून आणा, तुमचं नाव पुढे ठेवतो. नाही तर दुसरा एक पुरवठादार रांगेत उभाच आहे. अशी आणखी किती आहेत?"

"बघते," काकू म्हणाली. बघायची गरज नव्हती. अकरा होती.

घरी येऊन तिनं चपला काढायच्या आधी फोन हातात घेतला. "त्या भांडारपालाला सांगते, तुमच्याकडचं सत्तावीस फाडून टाका म्हणून. माणूस चांगला आहे."

"फाडेल तो," वन्सं म्हणाल्या. "बाकीच्या दहाजणांकडेही जाणार का फाडायला? वहिनी, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही."

"तुम्हाला काय जातंय बोलायला! तुमचं मशीन विकायचंय का?"

"अहोजाहो आलं म्हणजे पटलेलं दिसतंय," वन्सं म्हणाल्या आणि तिच्या हातातून फोन काढून घेतला. "आमच्या छापखान्यात चुकलेल्या शब्दावर रेघ मारायचे आणि शेजारी बरोबर लिहायचे. रबर कुणाच्या हाती देत नसत. ज्या टॅक्सवाल्याला दर महिन्याला पैसे देतेस, त्याला विचार जा."

टॅक्सवाला औषधाच्या दुकानाच्या वरच्या खोलीत बसायचा आणि कायम सर्दीनं बेजार असायचा. वन्संनाही काकूनं सोबत नेलं. त्यानं यादी पाहिली, नाक पुसलं, पुन्हा यादी पाहिली.

"टॅक्स सगळा भरलाय?"

"पै न् पै."

"मग सरकारचं काही बुडालेलं नाही. यादी खोटी बोलतेय, एवढंच. ज्याला जे बिल आधी गेलं ते त्याच नंबरानं जिवंत ठेवा. ते चुकलं होतं ना? मग त्यावर क्रेडिट नोट काढा. म्हणजे काय, तर हे बिल मी अमुक कारणानं मागे घेते, असा वेगळा कागद. त्यालाही स्वतःचा नंबर. आणि नंतर ज्यांना तुम्ही उसन्या नंबरावर बसवलंत, त्यांना नव्या नंबराचं बिल द्या. सगळ्यांना कळवा. रिटर्नमध्ये मी दुरुस्ती दाखवतो. थोडा दंड लागेल."

"सगळ्यांना म्हणजे?"

"अकरा उठवलेले, अकरा बसवलेले. बावीस पत्रं."

"बावीस घरी जाऊन मीच सांगू, मला बिल करता येत नाही म्हणून? हात दाखवून अवलक्षण!"

टॅक्सवाला शिंकला. "येत नाही हे खरंच आहे की."

काकू जिना उतरली ती तोंड फुगवून. अर्ध्या रस्त्यात वन्संच म्हणाल्या, "ड्रायव्हरच्या विजारीची शिवण बाहेर काढलीस तेव्हा सगळी गल्ली दात काढत होती. तेव्हा कुठे लाजलीस?"

"त्यात त्याचं भलं होतं."

"मग ह्यात कुणाचं वाईट आहे?"

घरी गेल्यावर संगणकासमोरची खुर्ची तिनंच ओढली.

पत्र लिहायला वन्सं बसल्या. 'काही तांत्रिक कारणास्तव आपल्या बिलाच्या क्रमांकात त्रुटी आढळून आली आहे,' असं त्यांनी झोकात लिहिलं.

काकूनं वाचलं. "तांत्रिक कोण? काढ ते. चूक माझी आहे, 'मी' लिही."

मग पत्र चार ओळींचं झालं. एकच नंबर मी दोघांना दिला. तसं करायचं नसतं हे मला आता कळलं. सोबत बरोबर कागद जोडला आहे. पैशांत काही फरक नाही. मंगळवार आणि बुधवार त्यात गेले. कागद चुकीच्या माणसाला जाऊ नये म्हणून वन्सं नावं मोठ्यानं वाचायच्या आणि काकू सुजल्या बोटानं एकेक कळ दाबायची. कुणाचा पत्ता अर्धा, कुणाचा देशच लिहिलेला नाही. एका गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी तिनं चक्क 'उंच बाई' लिहून ठेवलं होतं.

"ही कोण?" वन्संनी विचारलं.

"उंच आहे ती. मापावरून कळतं ना."

"टॅक्सच्या माणसाला मापावरून कळणार का?"

उंच बाईला पत्र पाठवून नाव विचारलं. तिनं मुकाट्यानं कळवलं.

बुधवारपासून उत्तरं यायला लागली. बहुतेकांनी 'बरं' एवढंच लिहिलं. एकाला हा फसवणुकीचा नवा प्रकार वाटला आणि त्यानं पैसे परत मागितले. काकूनं दिले, आणि त्याचीही क्रेडिट नोट काढली, कारण एव्हाना हात बसला होता. गोधडीचे नमुने विकणाऱ्या एका माणसानं लिहिलं, "मी तर आजवर असंच करत आलो. तुमच्या त्या कागदाचा नमुना मिळेल का?" सातजणांनी काहीच लिहिलं नाही. आणि नव्या सत्तावीसची मालकीण, ती परदेशातली बाई, तिचं लांबलचक उत्तर आलं. बिलाकडे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. पण चूक आपण होऊन सांगणाऱ्या बाईला एक विचारते, असं म्हणून तिनं लिहिलं होतं, माझी मुलगी आठ वर्षांची आहे, जन्मापासून एकच हात आहे, फ्रॉकची पाठीमागची बटणं तिला लावता येत नाहीत आणि आता ती माझ्याकडून लावून घेत नाही. असा काही पॅटर्न आहे का?

"नाही आहे," काकू म्हणाली आणि पत्र पुन्हा वाचलं.

गुरुवारी दुपारी ती फाइल घेऊन केंद्रात गेली. हिशेबनीसानं एकेक कागद उलटला. जुनं बिल, क्रेडिट नोट, नवं बिल, पत्राची प्रत.

"मी एक पकडलं होतं. तुम्ही अकरा आणलीत?"

"मग काय, बाकीची दहा तुम्ही पकडायची वाट बघत बसू?"

त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला. ते हसू होतं की दातात काही अडकलं होतं, ते काकूला कळलं नाही. "कमिटी काय म्हणेल, माझ्या हातात नाही," तो म्हणाला, आणि फाइल पेन्सिलींच्या शेजारी सरळ करून ठेवली.

शुक्रवारी सकाळी अकराला मशीन घेणारा आला, टेम्पो घेऊनच.

"आज ठरवून टाका, काकू. भाव चांगला देतोय."

"बसा थोडं."

"टेम्पोचं भाडं चढतंय."

"मग उभं राहा. भाडं बसल्यावरच चढतं का?"

तो बसला. बारा वाजले, साडेबारा झाले. वन्संनी त्याला दोनदा पाणी दिलं. एकला फोन वाजला. काकूच्या बोटांना तो धड धरवेना, म्हणून वन्संनी तिच्या कानाला लावला आणि आपला कानही तिथेच चिकटवला.

"काकू, वर्षाचं नाही झालं," हिशेबनीस म्हणाला.

काकू मशीनकडे बघत राहिली.

"सहा महिन्यांचं झालंय. अठरा पॅटर्न. पुढचं, काम बघून. एक सभासद म्हणाले, अकरा चुकांची बाई नको. मी म्हणालो, इतरांच्या चुका मला शोधाव्या लागतात, हिच्या सापडतात. दर तीन महिन्यांनी यादी दाखवायची. चालेल?"

"चालेल. बिल कुणाच्या नावावर करू? नीट सांगा हं, भांडारपालासारखं नको."

त्यानं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक सांगितला. वन्संनी लिहून घेतला आणि त्याला परत वाचून दाखवला. फोन ठेवून काकू मशीनवाल्याकडे वळली.

"उठा. त्या स्टुलावर माझं काम आहे."

"म्हणजे विकायचं नाही?"

"सहा महिन्यांनी येऊन विचारा. टेम्पो मात्र आणू नका."

तिनं एका बोटानं बिल तयार केलं. नंबर ब्याण्णव. अलीकडचं एक्याण्णव जागेवर होतं, त्याच्या अलीकडचं नव्वदही. 'पाठवा'वर बोट ठेवून ती क्षणभर थांबली, वन्संकडे पाहिलं, वन्संनी मान हलवली आणि बिल गेलं.

मशीनवाला अजून दारातच रेंगाळत होता, कारण आतमध्ये काही तरी वेगळंच चाललं होतं. वन्संनी एक जुना टॉवेल घेऊन आपला उजवा हात अंगाशी करकचून बांधून घेतला होता, वरून काकूचा एक ढगळ झगा चढवला होता आणि आता त्या डावा हात पाठीमागे नेऊन बटण चाचपडत होत्या.

"पोहोचत नाही गं."

"बटण पुढे घेऊ."

"पुढे घेतलंस तरी काज कोण धरणार? एका हातानं दोन्ही कसं?"

काकूनं कपाळाला आठ्या घातल्या. "मग काज नकोच. बाजूनं दुमड आणि एक मोठा हूक. ओढला की बसला पाहिजे. थांब, पण त्या पोरीला हात कुठला आहे, डावा की उजवा?"

"लिहिलं नाही तिनं."

"मग विचार ना! आणि अहो, तुम्ही," काकू मशीनवाल्याला म्हणाली, "फुकट तमाशा बघू नका. आत या आणि हिच्या खांद्याला ही पट्टी धरा. सरळ धरा."

त्यानं धरली.