इथीच म्हणजे किती दूर

आमच्या झाडीपट्टीत वाट विचारणाऱ्याला कुणी ‘दूर आहे’ असं सांगत नाही. ‘इथीच तं आहे जी,’ असं सांगतात. दूर म्हटलं की चालणाऱ्याचे पाय गळतात, आणि पाहुण्याचे पाय गाळणं हा इथे मोठाच उद्धटपणा. मी वाढले माजरीला, कोळसा खाणीच्या वसाहतीत. तिथे दूर ते दूर आणि जवळ ते जवळ. त्यामुळे या भागात शिक्षिका म्हणून आले तेव्हा पहिलं वर्षभर ‘इथीच’वर विश्वास ठेवून मी पायांची पार वाट लावून घेतली. पुढे शहाणी झाले. कुणी ‘इथीच’ म्हटलं की पाण्याची बाटली भरून घ्यायची, हे अंगवळणी पडलं.

या एका शब्दापायी आमची शाळा जायची वेळ येईल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

दिवाळीची सुट्टी संपवून मी गावात परतले, तर पत्र येऊन पडलेलं. शाळेचा पट कमी आहे, एक किलोमीटरच्या आत दुसरी शाळा उपलब्ध आहे, सबब पुढच्या वर्षी ही शाळा तिच्यात विलीन. पहिली ते चौथीची आमची शाळा, तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या आडोशाला दोन खोल्यांची. पटाचं खरं होतं, मुलं मोजकीच. पण दुसरी शाळा एक किलोमीटरच्या आत? ती नाल्यापलीकडे, मध्ये जंगलाचा पट्टा. पावसाळ्यात नाला भरला की मोठी माणसंही त्यात उतरायला धजत नाहीत. शाळा नाल्यापलीकडे गेली तर आमची लेकरं घरी बसणार होती. पोरी तर नक्कीच. माझा पारा असा चढला की त्या दिवशी मी वर्गात फळा पुसतानासुद्धा भांडल्यासारखी पुसत होते.

शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष गावातलीच एक बाई. तलावातली मासळी बाजारात नेऊन विकणारी, बोलायला खणखणीत. तिची धाकटी आमच्याकडे दुसरीत होती. अध्यक्षबाईला गाठून विचारलं, तेव्हा उलगडा झाला. उन्हाळ्यात, मी सुट्टीवर असताना, पाहणी करणारे दोघे गाडीने आले होते. तिने त्यांना मांडवाखाली बसवून थंड पाणी दिलं. त्यांनी विचारलं, शेजारची शाळा किती दूर?

“मंग तुम्ही काय सांगितलं?”

“इथीच आहे म्हटलं.”

“काऊन?”

“पाव्हण्याले दूर सांगतेत का बाई?” तिला माझ्याच अकलेची शंका आली.

मी डोक्याला हात लावला. पाहणीवाल्यांनी ‘इथीच’चा एक किलोमीटर करून टाकला होता. सगळा प्रकार सांगितल्यावर ती खाली बसली आणि म्हणाली, “म्हंजे मीच माह्या पोरीची शाळा बंद केली का जी?” तिचा तो चेहरा बघून माझा राग कुठच्या कुठे गेला. म्हटलं, तुम्ही नाही, तुमच्या पाहुणचाराने केली. आता आपण ती उघडी ठेवू.

म्हणायला म्हटलं, पण करणार काय? मी शिक्षक संघटनेची जुनी सभासद. आमच्या आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या शाखांची एकत्र सभा हिवाळ्यात वडशाला होती आणि तिथे वर्षभराच्या मागण्यांचा क्रम ठरायचा. तो क्रम दरवर्षी ठरलेलाच असे. पहिली जुनी पेन्शन, मग बदल्या, मग अशैक्षणिक कामं. लहान शाळांचा विषय तळाशी, ‘इतर’च्या एक घर वर.

वडशाला हिवाळा म्हणजे नाटकांचा हंगाम. आमच्या सभेच्या हॉलशेजारीच एका नाटक मंडळीची तालीम चालली होती. संघटनेचे अध्यक्ष भाऊ पेन्शनवर बोलायला उभे राहिले की भिंतीपलीकडून खलनायक खदाखदा हसायचा. भाऊ थांबायचे, पुन्हा सुरू करायचे, तो पुन्हा हसायचा. भाऊ मनाने भला माणूस, पण जिद्दीला पेटलेला. मी हात वर करून म्हटलं, या वर्षी लहान शाळा पहिल्या क्रमांकावर घ्या.

“बाई, पेन्शन सगळ्याइचा प्रश्न आहे,” भाऊ म्हणाले. “लहान शाळा दोनचार जणाइचा.”

“शाळाच नाई राह्यली तं पेन्शन कोण्या नोकरीची घेता भाऊ?”

हॉलमध्ये हशा पिकला. पण हशाने ठराव होत नाही. मग मी ‘इथीच’ची गोष्ट सांगितली. पाणी पाजलं, जवळ सांगितलं, शाळा घालवली. आधी सगळे पोट धरून हसले. मग मागच्या रांगेतले एक गुरुजी हसता हसता थांबले. उठून म्हणाले, “आमच्याइथीबी पाहणीवाले आले होते. आमच्या सरपंचानंबी हेच सांगतलं असन.” सिरोंच्याच्या बाजूचे एक जण म्हणाले, आमच्याकडे हेच तेलुगूत सांगतात. मग इकडून एक हात, तिकडून एक हात. बघता बघता अर्धा हॉल उभा. पत्र प्रत्येकाला आलं होतं. प्रत्येकाला वाटत होतं की चूक आपल्याच गावाची, म्हणून कुणी तोंड उघडलं नव्हतं.

 भाऊंनी आपल्या हातातला कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, “सांगा बाई, काय लिहू?”

मी सांगत गेले. शाळेचं अंतर नकाशावर मोजू नका, कुणाच्या तोंडी सांगण्यावर मोजू नका, लेकराच्या पायवाटेने चालून मोजा, आणि पावसाळा धरून मोजा. तोवर एकही शाळा बंद करू नका. शाळेचं अनुदान नुसतं पटावर देऊ नका, कारण मुलं कमी म्हणून छप्पर कमी गळत नाही. जंगलातल्या लेकरालाही शहरातल्या लेकराइतकीच शाळा पाहिजे, ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. पेन्शन दुसऱ्या क्रमांकावर गेली. जाताना कुणी कुरकुरलं नाही, आणि भिंतीपलीकडचा खलनायकही नेमका तेव्हा गप्प होता. मला तर वाटलं, नाचावं. चहाच्या वेळी मी दोन वडे जास्त खाल्ले.

संघटनेने जिल्ह्याला निवेदन दिलं, पाठपुरावा केला, धरणंही धरलं. शेवटी एक अधिकारी वाट चालून बघायला तयार झाले आणि पहिली शाळा आमची निघाली. आदल्या दिवशी मी गाव गोळा करून बजावलं, उद्या साहेब विचारतील, तेव्हा दूर म्हणायचं. लय दूर म्हणायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. अध्यक्षबाईने तर मुलांकडून ‘लय दूर’ घोकून घेतलं.

साहेब आले, पाणी प्यायले आणि तिलाच विचारलं, “ती शाळा किती दूर आहे?”

तिने माझ्याकडे पाहिलं. ओठ हलवले. कपाळावर घाम. आणि म्हणाली, “इथीच तं आहे जी.”

मी मनातल्या मनात कपाळ बडवून घेतलं. साहेब म्हणाले, चला मग. आम्ही निघालो. बांधावरून, मग पांदणीच्या अरुंद वाटेतून, मग जंगलात. साहेबांच्या पायात चकचकीत बूट. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, किती राहिलं? “आलंच जी,” ती म्हणाली. आणखी चाललो. पुन्हा विचारलं. “हे काय, आलंच.” वाटेत वाघाचं पाऊल उमटलेलं दिसलं. साहेब ते वाकून बघत असताना ती धीर देत म्हणाली, “कालचं आहे जी.” नाल्यात गुडघाभर पाणी. साहेबांनी बूट हातात घेतले. पलीकडच्या काठावर पोचल्यावर ते एका दगडावर बसले, चिखलाने भरलेले पाय पाहिले आणि म्हणाले, “बाई, खरं सांगा. अजून किती?”

“आता इथीच आहे,” ती म्हणाली, आणि या वेळी तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “मोठ्या माणसाले इथीच आहे जी. पोरीले नाई.”

साहेब उठले. तसेच अनवाणी चालत पलीकडच्या शाळेपर्यंत गेले आणि तशाच वाटेने परत आले. परतताना त्यांनी किती राहिलं हे एकदाही विचारलं नाही.

उन्हाळ्याच्या आधी निर्णय आला. चालून मोजल्याशिवाय जिल्ह्यात एकही शाळा बंद होणार नाही, आणि आमची शाळा जिथे आहे तिथेच राहील. शेजारच्या जिल्ह्यातही तेच ठरलं. अनुदानाचं भांडण अजून चालू आहे, पण त्या मागणीचा पहिला क्रमांक आता कुणी हलवू शकत नाही. भाऊंनी फोनवर बातमी सांगितली तेव्हा त्यांचा आवाज माझ्यापेक्षा चढला होता. “जिंकलो बाई! जिंकलो!” मी वर्गातच होते. फोन ठेवला आणि पोरांसमोर मला रडू फुटलं. लाज कसली? आनंदाने रडले, भरपूर रडले. बातमी ऐकून अध्यक्षबाई बाजाराची टोपली तशीच टाकून धावत आली आणि मला मिठी मारली. मग चौथीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, ते बघून सगळ्यांनीच वाजवल्या.

पहिलीतली एक चिमुरडी तेवढी गंभीर होती. रांगेतून उठून ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“शाळा बंद नाई म्हंजे उद्याबी यावं लागन?”

“हो,” मी म्हटलं. “उद्याबी.”

“आन् पाऊस आला तं?”

“तरीबी.”

तिने थोडा विचार केला, मान हलवली आणि जागेवर जाऊन पाटी काढली.