तोकुजीने स्टिअरिंग सोडलं

आमच्या डोंगरातल्या गावांना खालच्या शहराशी जोडणारी बस एकच, आणि ती चालवणारा माणूसही एकच: तोकुजी ओनोदेरा. सत्तरीला टेकलेला. कंपनीने दोनदा त्याचा निरोपसमारंभ केला आणि दोन्ही वेळा त्याला परत बोलावलं. त्याच्या जागी यायला कुणी होतंच कुठे? पोरं सेंदाईला नाहीतर तोक्योला गेलेली, शाळेला कुलूप. माझं टोफूचं दुकान शेवटच्या थांब्यासमोर, म्हणून फेरी संपली की तो माझ्याकडे चहाला यायचा.

त्याची बायको किनुए म्हणायची, "यांचं लग्न बसशी झालंय. मी आपली स्टेपनी." नागोयाला राहणारी मुलगी किती वर्षं बोलावत होती, पण जाणार कसे? हा गेला तर बस बंद.

मग कंपनीने आपोआप चालणारी बस आणली. सुरुवातीला चालकाच्या जागेवर माणूस हवा असा नियम होता. तोकुजी हात मांडीवर ठेवून बसायचा आणि समोरचं चाक भुताने फिरवल्यासारखं फिरायचं.

"काय रे तोकुजी," आमच्या वरच्या आळीतल्या सुएनो आजी चढता चढताच म्हणायच्या, "नुसतं बसायचा पगार मिळतो म्हणे तुला?"

"मिळतो ना. तुम्हीही बसा आजी, तुमची कुरकुर ऐकायची सवय होऊ दे त्या यंत्राला."

चेष्टा करायचा, पण आतून धुमसत होता. "भित्रं आहे ते," मला म्हणायचा. "फांदी हलली तरी थांबतं."

त्या संध्याकाळी मी बसमध्ये होतो. बर्फ भुरभुरत होता, दिवेलागणीची वेळ. पुलाच्या अलीकडे बस गचकन थांबली आणि हलेना.

"झालं! घाबरलं पुन्हा," म्हणत तोकुजीने बटण दाबून गाडी स्वतःच्या ताब्यात घेतली.

"अरे मेल्या, थांब!" सुएनो आजी किंचाळल्या. "समोर माणूस आहे!"

रस्त्याच्या कडेला लाकूडतोड्या कानसुके वाकून बर्फ उपसत होता. त्याला कमी ऐकू येतं. मलाही तो दिसला. तोकुजी मात्र डोळे ताणून काचेकडे बघतच राहिला. ब्रेक त्याने दाबूनच धरला होता.

दुकानात आल्यावर त्याने चहाला हात लावला नाही.

"मला तो दिसलाच नाही," तो म्हणाला. "गेल्या हिवाळ्यापासून असंच आहे. अंधारलं की कडेचं सगळं पुसल्यासारखं होतं. रस्ता पाठ होता म्हणून निभावलं."

"आणि बोलला नाहीस?"

"बोलून काय करू? सुएनो आजी डॉक्टरकडे चालत जातील? किनुएलासुद्धा सांगितलं नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने कंपनीत जाऊन सगळं सांगितलं आणि गाडी चालवायचा परवाना टेबलावर ठेवला. बसचं काम बघणारी युरिका नावाची मुलगी त्याला रागावली नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ती स्वतः घेऊन गेली. गेलेली नजर येणार नव्हती, उरलेली टिकवायला थेंब मिळाले. किनुए आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही.

पुढे माणूस बसवायचा नियम उठला आणि बस एकटीच येऊ लागली. शहरात बसून कुणीतरी पडद्यावर तिच्यावर लक्ष ठेवायचं. तोकुजी माझ्या दारात उभा राहून पुटपुटायचा, "वळण फार रुंद घेतलं." काही दिवसांनी फावडं घेऊन थांब्यावरचा बर्फ उपसायला लागला. म्हाताऱ्यांना हात देऊन वर चढवायचा. ते काही त्या बसला जमत नव्हतं.

बर्फ वितळल्यावर दोघं नवराबायको नागोयाला निघाले. तोकुजी सवयीने पहिल्या बाकावर खिडकीशी बसला.

"ऊठ," सुएनो आजी मागून म्हणाल्या. "आयुष्यभर पुढे बसून रस्ता बघितलास. आता तिला बघू दे."

तो उठला. किनुए खिडकीशी सरकली आणि बस निघाली.