बोटभर उजेड

जव्हारच्या बाजारात परवा एकीनं नागलीच्या पोत्याचं तोंड सोडलं आणि त्या कोरड्या, मातकट वासानं मला थेट सूर्यमाळच्या आमच्या घरात, धान्याच्या कणगीत नेऊन बसवलं.

दिवाळी सरली होती. माणसं वीटभट्टीवर न्यायला मुकादमाचा ट्रक पाड्यावर आला होता. आई-बा विटा पाडणार आणि मी धाकट्याला सांभाळणार, असं ठरलेलं. म्हणजे आश्रमशाळा सुटलीच. मी बांबूच्या रिकाम्या कणगीत उतरले आणि झाकण ओढून घेतलं. पोटाशी शाळेतल्या बाईंनी दिलेलं पुस्तक होतं. शिकण्यासाठी अख्ख्या गावाशी भांडलेल्या एका मुलीनं स्वतःची हकिकत त्यात लिहिली होती. ती कधी लपली नव्हती. मी मात्र गुडघे छातीशी घेऊन बसले होते, नाकात भुसा जात होता आणि सारवण निघालेल्या फटीतून पानावर बोटभर उजेड पडत होता. जरा हलले तरी कणगी करकरायची.

"पोर कुठं हाय?" मुकादमानं दारातून विचारलं.

"शाळंत धाडली," बा म्हणाला.

"आन् ह्या कणगीत काय?"

बानं फटीवर तळवा ठेवला. माझा उजेड गेला.

"नागली हाय. भरलीय कणगी."

मुकादम नुसता हसला आणि ट्रककडे वळला.

ते धाडस मी कित्येक वर्षं माझं आणि त्या पुस्तकाचं समजत आले. पण घरात भरलेली कणगी असलेला माणूस भट्टीच्या ट्रकमध्ये चढत नाही, हे मुकादमालाही ठाऊक होतं. बा चढला.