दुसरं काडतूस अडतं कुठं

आबांची बंदूक माझ्या नावावर झाली तेव्हा घरात सगळ्यात जास्त हसले ते माझे यजमान. खरं तर ती त्यांच्याच नावावर व्हायची. पण दिवाळीत शेजारी सुतळी बॉम्ब लावला तरी कानात बोटं घालून मागच्या खोलीत जाणारा हा माणूस. त्यांनी आधीच हात वर केले. "हिला द्या. हिला यंत्रांचं वेड आहे," म्हणाले.

आबा म्हणजे माझे सासरे. वय झालेलं, पण ताठ. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाले, "चालंल. पन नेम शिकावा लागंल."

ही बंदूक त्यांनी तरुणपणी लोणावळ्यातल्या एका बंगलेवाल्याकडून घेतलेली. परदेशी, जुनी, पण दुनळी नव्हे, एकनळी आणि आपोआप भरणारी. चाप ओढला की रिकामं काडतूस उजवीकडच्या खिडकीतून बाहेर उडायचं आणि खालच्या नळीतलं दुसरं आपसूक वर यायचं. आमचं भाताचं खाचर डोंगराच्या कडेला होतं आणि रानडुकरं एका रात्रीत अख्खा तुकडा लोळवायची. बंदूक त्यासाठीच होती. आता आमच्या वराळे गावात त्या बाजूला इमारती उभ्या राहिल्या, लिफ्टसुद्धा आल्या. बंदूक मात्र तेल पिऊन कपाटात उभी होती.

मी पुण्याजवळच्या एका रेंजवर नाव घातलं. तिथे हवेत मातीच्या चकत्या उडवतात आणि आपण त्या फोडायच्या. पहिल्या दिवशी आबाही आले, डोक्याला टोपी, हातात पाण्याची बाटली. दोन काडतुसं भरली. पहिली चकती उडाली, मी चाप ओढला, आणि काय सांगू, फुटली! मी इतकी खूश झाले की दुसरी उडाली हे कळलंच नाही. कळलं तेव्हा चाप ओढला. काहीच नाही. बघते तर रिकामं काडतूस खिडकीत अर्धवट अडकून उभं, दाराच्या फटीत बोट सापडावं तसं.

"काडतूसं दमट," आबांनी बसल्या जागेवरून निकाल दिला. "आपल्याकडची हवाच तसली."

पटण्यासारखं होतं. आमच्याकडे पावसाळ्यात काडेपेटीसुद्धा तव्यावर शेकावी लागते. पुढच्या वेळी कोरी करकरीत काडतुसं घेऊन गेलो. तोच प्रकार. पहिलं उडायचं, दुसरं यायचं नाही. शेजारच्या रांगेतले एक गृहस्थ सहानुभूतीने म्हणाले, "ताई, भिंतीवर शोभेल हो ही." आबांना ते फार लागलं.

मी तळेगावातल्या एका कारखान्यात बरीच वर्षं पॅकिंगच्या लाइनवर काढली आहेत. बाटल्या पट्ट्यावरून येतात, अडकतात, एकमेकींवर चढतात. तिथे पहिल्याच महिन्यात शिकवलेली गोष्ट म्हणजे, लाइन अडली की आधी मोटर बंद करून हाताने फिरवून बघायची. हाताने सरळ चालली तर बाटल्यांना दोष देऊ नये.

तेच केलं. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री केली आणि पुण्याच्या बंदूकवाल्याकडून आणलेली नकली काडतुसं, दारू नसलेली, खालच्या नळीत भरली. ओसरीवर सतरंजी टाकून बंदुकीच्या बाजूचा खटका हाताने मागे ओढत गेले. खट्, खट्, खट्. एकामागून एक सगळी आली, शाळेच्या रांगेतल्या पोरींसारखी शिस्तीत.

"बघा आबा, भरण्यात दोष नाही."

"मंग काय?"

"उडाल्यावर ती पुरेशी मागे येत नाही."

या बंदुकीत बार उडाला की अख्खी वरची नळी मागे सरकते आणि स्प्रिंग तिला पुन्हा पुढे ढकलते. त्या मागे जाण्यातच सगळं होतं, रिकामं बाहेर, नवं आत. नळी अर्ध्यातून परतली तर दोन्ही कामं अर्धी. मी नळीचं तोंड लाकडी पाटावर टेकवून जोर लावला. हलेना. आबांनीही लावला. दोघांनी मिळून रेटा दिला तेव्हा कुठे ती कुरकुरत खाली गेली.

नळीखालचं पुढचं लाकूड उतरवलं. आत स्प्रिंग, तिच्यापुढे एक पोलादी रिंग आणि त्यापुढे पितळेचं कडं. सगळ्यावर जुन्या तेलाचा काकवीसारखा थर. दुपारभर आम्ही सासरा-सून चिंध्यांनी पुसत बसलो. आबांचे हात कोपरापर्यंत काळे झाले आणि तोंड उजळलं. ते शिट्टी वाजवतात हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊन त्या दिवशी कळलं.

रेंजवर फरक पडला, पण अर्धाच. रिकामं आता उडून जायचं, दुसरं मात्र कधी यायचं, कधी नाही. परत ओसरी, परत सतरंजी. सासूबाई पलीकडे लसूण सोलत होत्या. त्यांना बंदुकीचा राग; घरातली जागा अडवते म्हणून. मी ती पोलादी रिंग हातात फिरवत होते. "हिचा उतार त्या पितळी कड्यात रुतून बसतो. ही पुढेच का घातलीय, आबा?"

"कुनाला ठाव. तशीच व्हती."

"न्हाई," सासूबाई लसणावरची नजर न उचलता म्हणाल्या. "तशी न्हवती."

आम्ही दोघांनी माना वळवल्या.

"अवो, तो रेड्याएवढा डुक्कर यायचा न्हाई का? तुमी मोठी काडतूसं आणली. एक बार काढला नि खांदा ह्यो एवढा सुजला. आठ दिस हळद लावलीया मी. घास तोंडाला न्हेता यीना. मंग पुण्याला कुना कारागिराकडं गेलता तुमी बंदूक घिऊन. म्हनला, आतली रिंग हलवून आणली, आता धक्का बसत न्हाई."

आबांनी कपाळावर हात मारला. तो काळा हात होता, त्यामुळे कपाळही काळं झालं. "व्हय की! मागची रिंग फुडं घातली त्यानं!"

मग सगळं उलगडलं. रिंग पुढे, पितळी कड्याला लागून बसली की नळीला आवळून धरते. मोठ्या काडतुसांना ते हवं. माझी चकत्यांची काडतुसं हलकी, त्यांच्यात ती पकड सोडवण्याइतका दम नव्हता. बंदूक इतकी वर्षं डुकराच्याच तयारीत उभी होती. मी रिंग काढून स्प्रिंगच्या मागे सरकवली आणि पाटावर टेकवून पाहिलं. नळी लोण्यासारखी खाली गेली. तरी बंदूकवाल्याला एकदा दाखवून आणली. तो म्हणाला, "बरोबर बसलीय. फक्त मोठी काडतुसं घालणार असाल तर आधी मला विचारा."

पुढच्या रविवारी सासूबाईही गाडीत येऊन बसल्या. "बघू तरी," एवढंच बोलल्या. पहिला बार, दुसरा बार. पुन्हा भरली, पुन्हा दोन्ही. रिकामी काडतुसं टपाटप गवतात पडत होती आणि आबा प्रत्येकाला "ह्ये बघ! ह्ये बघ!" करत होते. चकत्या मात्र एक सोडून सगळ्या अखंड खाली आल्या.

"बंदूक बरी झाली," आबा म्हणाले. "आता तुझं बघू."

सासूबाई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "ह्यांचा तरी कवा नेम व्हता? तो डुक्कर तर बार उडाल्याच्या आवाजानंच पळालता." आणि गाडीत बसेपर्यंत पदरात तोंड घालून हसत राहिल्या.